दक्षिणा आणि धवलेरी

परवा ९ ऑगस्टला बोईसरच्या रस्त्यावर तारपा वाजत होता आणि तारापूर औद्योगिक वसाहतीकडे दुसऱ्या पाळीला निघालेल्या कंपन्यांच्या बस त्याच्या मागे मुकाट उभ्या होत्या. एरवी या रस्त्यावर कोणी कोणासाठी थांबत नाही. पावसाची एक सर येऊन गेली होती. कमरेला हात घालून फेर धरलेल्या बायांची लुगडी भिजली होती, पोरांच्या टी-शर्टांवर पांढऱ्या रंगातली वारली माणसे नाचत होती. मिरवणुकीच्या शेपटाला डीजेही होता. हल्ली त्याच्यावाचून देवाचेही भागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक १९८२ साली ९ ऑगस्टला जिनिव्हात भरली, म्हणून हा जागतिक आदिवासी दिन. पालघर, डहाणू, जव्हार, बोईसरने तो घरच्या सणासारखा उचलला आहे.

मिरवणूक संपली आणि भाषणे सुरू झाली. पाच-सहा झाली असतील. एक हिंदीत, बाकीची मराठीत, वारलीत एकही नाही. आम्ही कोणाला दोष देत नाही. व्यासपीठाला स्वतःची भाषा असते आणि ती शिकल्याखेरीज पायरी चढता येत नाही, हे वर चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. याच पालघरात १९९० साली आदिवासी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे. त्यांची ‘स्टेज’ ही कविता ज्यांनी वाचली आहे, त्यांना आमच्या मनात काय आले हे सांगायला नको. ज्यांच्या नावाने व्यासपीठ उभारायचे त्यांनाच खाली बसवून त्यांचे दुःख त्यांना समजावून सांगायचे, हा व्यवहार तिने एकदाचा उघडा केला.

आदिवासी दिनाला संपादकाने जल, जंगल, जमीन यांवर लिहावे असा रिवाज आहे. ते प्रश्न मोठेच आहेत आणि आम्ही वर्षभर त्यांवर लिहितो. आज विषय लहान आहे: लेखकाला मिळणारे पैसे. अनुदान, पाठ्यवृत्ती, पुरस्कार, जे काय म्हणाल ते. ते कोणाला मिळतात, कोणाला मिळत नाहीत आणि न मिळणाऱ्यांच्या यादीत काही समाज पिढ्यान्‌पिढ्या कसे सापडतात, याची गोष्ट.

अशा वगळण्याला वंशभेद म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते, दक्षिण आफ्रिका आठवते. पुणे आठवत नाही. पेशवाईत श्रावण महिन्यात पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य बुडाले, पण इंग्रजांनी तो निधी एकदम बंद केला नाही. १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या सुधारकांनी मागणी केली की या पैशातला काही भाग मराठीत उपयुक्त पुस्तके लिहिणाऱ्यांना द्यावा. कर्मठांनी आकाशपाताळ एक केले, तरी त्यातून दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. मराठी लेखकाला त्याच्या लेखनासाठी सार्वजनिक पैशातून मदत देण्याची आपल्याकडची ही सुरुवातीची व्यवस्था. हेतू चांगला, पैसा खरा, आणि वरकरणी दार सर्वांना उघडे.

१८५५ मध्ये त्या दारात एक माळी तरुण आपले नाटक घेऊन उभा राहिला. जोतीराव गोविंदराव फुले, नाटकाचे नाव ‘तृतीय रत्न’. एका जोशीबुवाने अडाणी कुणब्याला आणि त्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून नाडले, आणि शेवटी ते जोडपे शाळेची वाट धरते, अशी गोष्ट. कमिटीने नाटक नाकारले. पुढे फुल्यांनीच लिहून ठेवले आहे की कमिटीतल्या भट सभासदांच्या हट्टापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. आता त्या सभासदांच्या जागी क्षणभर बसून पाहा. त्यांनी काही नियम मोडला असेल असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने नाटक गावंढळ होते, भाषा शिष्ट नव्हती, विषय उपयुक्त नव्हता. गुणवत्तेच्या आधारेच त्यांनी ते बाजूला ठेवले असणार. ज्याच्या लबाडीवर नाटक लिहिले, त्याच्याच भाऊबंदाकडून गुण घ्यायचे होते, एवढीच काय ती अडचण. ‘तृतीय रत्न’ पहिल्यांदा छापले गेले ते १९७९ साली.

आणि फुल्यांचा विचार केवळ जातीपुरता नव्हता. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना फुल्यांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्यांना. पुण्यातली कमिटी आणि अमेरिकेतला मळा यांच्यातले नाते त्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी दिसले होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि तो कोलंबिया विद्यापीठात गेला. परत आल्यावर त्याच बडोद्यात त्याला राहायला जागा मिळाली नाही, हेही तितकेच खरे. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. योग्य हाती वेळेवर पडलेले अडीच हजार रुपये काय करू शकतात, हे या महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणून पुरस्कार-अनुदानांची ही चर्चा मानापमानाची आहे असे समजणाऱ्यांशी आमचे पटत नाही. अनुदान म्हणजे वेळ. तारापूरच्या कारखान्यात कंत्राटावर बारा-बारा तास राबणाऱ्या माणसाने, अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठल्यावर नव्या वसाहतीत संसार मांडणाऱ्या माणसाने लिहायचे कधी? ज्याच्या घरात पेन्शन आहे तो अनुदानाशिवायही लिहील.

आता आजच्या कमिट्यांकडे येऊ. साहित्य अकादमी १९५४ मध्ये स्थापन झाली. ती चोवीस भाषांना दरवर्षी पुरस्कार देते: आठव्या अनुसूचीतल्या बावीस, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाली आणि बोडो अनुसूचीत आल्या आणि त्यांच्या लेखकांना अकादमीचे दार उघडले. एका दुरुस्तीने काय फरक पडतो तो यावरून कळावा. मात्र भिली नाही, गोंडी नाही. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी या गटाखाली नोंदलेले लोक एक कोटी चार लाख. आपली वारली याच गटात मोजली जाते. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे चोवीस हजार आठशे एकवीस. संस्कृतला दरवर्षी पुरस्कार मिळतो. तो मिळू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही, पण एक कोटी माणसांच्या भाषेत वर्षाला एकही पुस्तक तोलायच्या लायकीचे नसते, असे कोणी न वाचताच कसे ठरवले? यादीत नसलेल्या भाषांसाठी अकादमीने १९९६ पासून भाषा सन्मान ठेवला आहे. तो चांगला आहे, पण असंख्य भाषा एका रांगेत उभ्या करायच्या आणि अधूनमधून एकीला पुढे बोलवायचे, याला समान वागणूक म्हणता येत नाही.

राज्यातही तीच तऱ्हा. साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकाच्या पहिल्या मराठी पुस्तकाला अनुदान देते; आमच्या ओळखीच्या अनेकांची पहिली पुस्तके त्यातून निघाली. हिंदी, उर्दू, सिंधी, गुजराती यांच्यासाठी राज्याच्या अकादम्या आहेत, आणि डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात गुजरातीचे काय स्थान आहे हे जाणणाऱ्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको. पण पालघर जिल्ह्यात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या तालुक्यांत दहातले नऊ. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीने वारलीत किंवा कातकरीत कथा लिहिली, तर तिने अर्ज कुठल्या कचेरीत न्यायचा? ‘भाषा’ या रकान्यात तिने ‘वारली’ लिहिले, तर पुढचा माणूस ते खोडून ‘मराठी (बोली)’ करणार. तिची कथा मग प्रमाण मराठीच्या मापाने मोजली जाणार आणि त्या मापात ती अशुद्ध ठरणार.

आम्ही हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका कथास्पर्धेत प्रस्तुत लेखक परीक्षक होता. एका पाड्यावरून वहीच्या कागदावर लिहिलेली कथा आली. पहिला परिच्छेद मराठीत, मग संवाद सुरू झाले आणि लिहिणाराच्या हातून मराठी सुटली. क्रियापदांची रूपे बदलली, शब्द बदलले, आणि कथा एकदम चालू लागली; पण आम्हाला ती नीट वाचता येईना. आम्ही लाल शाईने पाच-सात ठिकाणी खुणा केल्या, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मारला आणि कागद खाली सरकवला. तीन परीक्षक होतो, तिघेही मराठीचे, तिघेही सज्जन. वारली येणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. चहा देऊन गेलेला मुलगा सोडून, हे नंतर लक्षात आले. दक्षिणा प्राइज कमिटीची आठवण आम्हाला ज्या कारणाने झाली, ते हे.

याच मराठीने अभिजात दर्जासाठी केवढी वाट पाहिली! रंगनाथ पठारे समितीचा अहवाल २०१३ साली तयार झाला, दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. मधल्या काळात आपण म्हणत होतो की दिल्लीत आमची कागदपत्रे कोणी उघडूनच पाहत नाही, आमच्या जुन्या ग्रंथांचे मोल ठरवणाऱ्यांना मराठी येत नाही. तक्रार रास्त होती. तीच तक्रार आता पालघरहून मुंबईला येते आहे, एवढेच.

वारल्यांवर पुस्तके नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. के. जे. सावे यांचे इंग्रजी पुस्तक १९४५ चे. त्याच वर्षी तलासरी-डहाणूच्या जंगलात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि १९७२ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यशोधरा डालमिया यांचे वारली चित्रांवरचे पुस्तक १९८८ चे. वसईत राहिलेल्या कविता महाजनांनी वारली लोकगीते गोळा केली. ही माणसे मोठी होती. गोदावरीबाईंनी तर त्या पाड्यांवर आयुष्य काढले आणि तो पुरस्कार त्यांना मिळाला नसता तर पुरस्काराचीच शोभा गेली असती. पण कथा वारल्यांची आणि लेखणी दुसऱ्याची, हा क्रम इतका पक्का झाला की तो बदलू शकतो हेच आपण विसरलो. आदिवासी हा पुस्तकाचा विषय असतो, लेखक नसतो.

अपवाद एकच, चित्राचा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंचे हात १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी ओळखले. ती चित्रे मुंबईला गेली, पॅरिसला गेली, २०११ मध्ये म्हसेंना पद्मश्री मिळाली. ते २०१८ मध्ये गेले तेव्हा जगभर बातमी झाली. आज वारली चित्र रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर आहे, साडीच्या पदरावर आहे, सरकारी निमंत्रणपत्रिकेवर आहे. चित्राला दुभाषा लागत नाही. चित्र विकत घेणाऱ्याला वारली यावी लागत नाही आणि चित्र काढणाऱ्याला प्रमाण मराठी. म्हणून चित्राला मान मिळाला आणि त्याच घरातला शब्द मागे राहिला.

खरे तर ते चित्र शब्दावाचून जन्मलेच नव्हते. लग्नात सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, मध्ये पालघट देवी येते, आणि लग्न लावते धवलेरी. भटजी नव्हे. ती बाई गाते. तासन्‌तास गाते. देवांच्या जन्मकथा, धान्यदेवी कणसरीची कथा, नवरानवरीला सांगायच्या गोष्टी, सगळे तिला मुखोद्गत. कुठे थांबायचे, कुठे वाढवायचे, समोरच्या घराण्यासाठी काय बदलायचे, हे तीच ठरवते. ही कवयित्री नाही तर कोण आहे? चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि पुरुषांच्या हाती गेले. नाव झाले ते बहुतेक पुरुषांचे. धवलेरी पाड्यावरच राहिली. कुठल्याही अनुदानाच्या अर्जात प्रकाशित पुस्तकाच्या प्रती जोडा असे लिहिलेले असते. तिने काय जोडावे? तिचे गाणे कोणी ध्वनिमुद्रित केले तर पाठ्यवृत्ती ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मिळते, कारण प्रकल्प अहवाल त्याला लिहिता येतो.

‘मग काय आता जात आणि वंश पाहून पुरस्कार द्यायचे?’ हा प्रश्न आम्हाला विचारला जाणार, म्हणून उत्तर आधीच देतो. अमेरिकेत ज्युलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याच्या निधीने १९२८ ते १९४८ या काळात शेकडो काळ्या लेखक-कलावंतांना आणि विद्वानांना पाठ्यवृत्त्या दिल्या. राल्फ एलिसनला त्यातून ‘इन्व्हिजिबल मॅन’ लिहायला आधार मिळाला. ती कादंबरी पुरी व्हायला सात वर्षे लागली. जेम्स बाल्डविन १९४८ मध्ये त्याच पैशावर पॅरिसला गेला. दोघांनाही पुढे कोणी दयेचे गुण दिले नाहीत. निधीने त्यांना टेबल आणि वेळ दिला, पुस्तके त्यांनी लिहिली. आज त्याच देशात वारे उलटे फिरले आहे. केवळ काळ्या स्त्रियांसाठी असलेल्या एका उद्योग-अनुदानावर दावा झाला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने ते रोखले. आधार घेतला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याचा. कायद्याचे शब्द तेच राहतात, वाचणारा बदलला की अर्थ फिरतो.

वेगळी पंगत मांडण्याची धास्ती आम्हालाही वाटते. ‘आदिवासी विभागातले उत्तेजनार्थ’ असे बक्षीस म्हणजे ओटीवर वाढलेले ताट; पोट भरते, पण माणूस ओटीवरच राहतो. शिवाय जिथे वेगळा रकाना, तिथे बोगस अर्जदार, हा आपला अनुभव. खोट्या जात प्रमाणपत्रावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणांतून दिला. साहित्यही या रोगातून सुटलेले नाही. ऑस्ट्रेलियात वांडा कूलमॅट्री या आदिवासी बाईचे म्हणून १९९४ मध्ये आत्मचरित्र निघाले, त्याला पुरस्कारही मिळाला, आणि १९९७ मध्ये कळले की वांडा नावाची बाईच नाही. लिहिणारा लिऑन कारमेन हा गोरा पुरुष. तरी त्या देशाने डेव्हिड युनायपॉन पुरस्कार बंद केला नाही. आदिवासी लेखकाच्या अप्रकाशित हस्तलिखितासाठी तो १९८९ पासून दिला जातो आणि निवडलेले हस्तलिखित एका विद्यापीठाचे प्रकाशनगृह छापते. ‘अप्रकाशित’ हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. छापलेले पुस्तक आणा म्हणणे म्हणजे विहिरीत पाणी असेल तर पोहरा देतो म्हणण्यासारखे आहे.

तेव्हा वंश पाहून गुण द्या असे आमचे म्हणणे नाही. ज्याला भाषा येत नाही त्याने त्या भाषेतल्या लेखनाला गुण देऊ नयेत, इतकेच म्हणणे आहे. राज्याच्या अनुदान योजनेत वारली, कातकरी, कोकणा, भिली, गोंडी, कोरकू ही नावे भाषांच्या यादीत यावीत, बोलींच्या कंसात नव्हे. त्या भाषेचा किमान एक बोलणारा परीक्षक असल्याशिवाय निकाल लावू नये. मौखिक रचना ध्वनिमुद्रणासह स्वीकाराव्यात आणि मानधन गाणारीच्या नावे निघावे. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही; शासन निर्णय पुरतो, आणि शासन निर्णय काढण्यात आपले राज्य कधी मागे राहिलेले नाही.

मुंबईची वाट पाहत बसायचे कारण नाही. या अंकापासून आमच्या दिवाळी स्पर्धेचे नियम आम्ही बदलले आहेत. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी, वाडवळी, सामवेदी, कशातही लिहा. शुद्धलेखनाचे गुण काढून टाकले आहेत. प्रत्येक भाषेसाठी ती घरात बोलणारा एक परीक्षक असेल. अशी माणसे आम्हाला सुचवा, कारण त्यांना शोधायची सवय आम्हाला नाही. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर म्हणून पाठवा. धवलेरीचे गाणे पाठवणार असाल तर तिचे नाव आणि पाडा आधी सांगा, आणि छापायला ती हो म्हणाली का, हे तिला विचारून कळवा. पाठवणाऱ्याचे नाव खाली बारीक अक्षरात येईल. घटस्थापनेपर्यंत आलेले सगळे आम्ही ऐकू आणि वाचू.